लोवीना हिल्टीचं पोट

टाचणी. इथल्या बायकांच्या कपड्यांना बटणं नसतात. अंगरखा, एप्रन, कमरेचा पट्टा, सगळं टाचण्यांवर. बाईला दिवस गेले की टाचणी बोटभर पुढे सरकते. सरकलेली सगळ्यांना दिसते. त्यावर बोलायची रीत नाही.

*

ओला घास खाऊन गाय फुगली तर डाव्या कुशीत सुरी खुपसायची. वारा सुटतो, गाय उभी राहते. बाईचं तसं नाही.

*

अमेरिकेतल्या या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती वस्तीतल्या बग्ग्यांना छत नसतं. ऊन, पाऊस, बर्फ थेट डोक्यावर. बसलेला माणूस कमरेपासून वर सगळ्या रस्त्याला दिसतो.

*

कबूल केलेलं पाप मंडळी, म्हणजे इथली चर्चसभा, पुन्हा तोंडावर आणत नाही. इथे मोटार ठेवायला बंदी. जोॲस हिल्टीने तरुणपणी चोरून ट्रक घेतला होता आणि मक्यात लपवला होता. आज ते कुणाला आठवत नाही. म्हणजे सगळ्यांना आठवतं.

*

मक्याची खालची पानं पिवळी पडली की मका कुणासाठी थांबत नाही.

*

सप्टेंबरातली सकाळ. लोवीना गाईखाली बसली होती आणि तिचं कपाळ गाईच्या कुशीला पोचत नव्हतं. लहानपणापासून ती तसंच दूध काढायची, कपाळ टेकवून, डोळे मिटून. आता मध्ये पोट येत होतं. ती तिरकी बसून, एका मांडीवर भार टाकून धारा काढत होती आणि मध्येच थांबून श्वास गोळा करत होती. चेहरा वाळला होता, मनगटाची हाडं वर आली होती. पोट तेवढं वाढत होतं. नवरा इरा जाऊन तीन वर्षं झाली होती.

"आई, ऊठ. उरलेल्या मी काढते," तिची थोरली मुलगी एडना म्हणाली.

"हिची दोनच सडं राहिलीत."

"तुझ्या धापा ऐकून गाय पान्हा चोरतेय."

तेवढ्यात रस्त्यावर लोखंडी चाकं खडखडली. लोवीना खांबाला धरून उठली. कुट्टीयंत्र निघालं होतं, मागे रिकामे गाडे, गाड्यांवर माणसं. यंत्र दर साली घरोघर फिरतं, सगळी माणसं सगळ्यांचा मका कापतात, हिवाळ्यासाठी गुरांच्या आंबवलेल्या चाऱ्याचा मुरघास भरतात, बायका मिळून जेवण रांधतात. क्रम ठरलेला: आधी जोॲस, मग त्याच्या धाकट्या भावाचं, इराचं शेत. बांधाला बांध लागून.

यंत्र फाटकावरून पुढे निघालं.

"जोॲस!" लोवीना फाटकापर्यंत आली. "फाटक इकडे आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"आधी खालच्या ग्रेबरांकडे जातोय. त्यांचा मका पिकलाय."

"आणि माझा काय कोवळा आहे? पानं बघ."

जोॲसने पानं बघितली नाहीत. तो घोड्यांच्या कानांकडे बघत राहिला. "तुझ्याकडे रांधायला यायला बायका तयार नाहीत. बायका नाहीत तर माणसं कशी आणू?"

"रांधते मी. इतकी वर्षं कोण रांधत होतं?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

मागच्या गाड्यावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "रिक असेल ना जेवायला." आणि तरण्या पोरांत हशा पिकला. रिक म्हणजे चीज कारखान्याच्या गाडीतून दुधाचे कॅन नेणारा. बाहेरचा. वस्तीबाहेरच्या सगळ्यांना इथे इंग्लिश म्हणतात. तो कधीमधी ओसरीवर उभ्याउभ्या कॉफी घ्यायचा.

"बोलावते की रिकला," लोवीना मोठ्याने म्हणाली. "त्याला निदान फाटक सापडतं."

हसू थांबलं. घोडे चालू लागले.

त्या दिवसापासून मायलेकी कोयते घेऊन शेतात उतरल्या. डाव्या हाताने ताट कवळायचं, उजव्याने बुडाशी कोयता. पेंडी बांधायची, उभी करायची. लोवीना एक ओळ कापायची आणि बसायची. मक्याची पानं गळ्याला, मनगटाला कापत होती, घाम त्यात झोंबत होता. वाकलं की पोटातलं सगळं छातीत चढायचं. कुशीवर वळलं की आत काहीतरी डुचमळायचं. उताणं झोपणं तिने केव्हाच सोडलं होतं. रात्री खुर्चीत बसून डुलक्या काढायची. बांधापलीकडे जोॲसचा मुरघास भरून झाला होता. आंबूस वास वाऱ्याबरोबर इकडे यायचा.

*

बार्बरा श्वार्ट्झ न बोलावता आली. वस्तीतली निम्मी माणसं या सुइणीच्या हातावर जन्मलेली. तिने चुलीवर हात शेकले आणि म्हणाली, "झोप."

"झोपवत नाही. टेकून बसते."

बार्बराने पोट चाचपलं, बरगडीखालून खाली येत. डाव्या ओटीपोटात तिचा हात थांबला. गोल, टणक.

"डोकं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

"लोवीना."

"अगं, इरा गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात लागलेला नाही. मला कळणार नाही का?"

बार्बराने लाकडी नळी पोटाला लावली, कान टेकवला. पुन्हा दुसरीकडे लावली. "ठोके लागत नाहीत."

"मूल असेल तर लागतील."

"पाणी जास्त असलं की लागत नाहीत. आणि माझे कानही म्हातारे झाले."

"मला दम लागतो, बार्बरा. उजवीकडे तर श्वास उतरतच नाही. ही मुलाची लक्षणं?"

"शेवटी शेवटी असंच होतं." बार्बराचा आवाज मऊ झाला. "नको म्हटल्याने बाळ परत जात नाही, पोरी. हलतंय ना?"

"डुचमळतं. बादलीतलं पाणी डुचमळावं तसं. तू एकदा विचार तरी, मला दुखतं कुठे ते."

बार्बराने तिचा एप्रन नीट केला. टाचणी बोटभर पुढे घेऊन लावून दिली. विचारलं नाही.

*

बिशप टोबायस ग्रेबर आला, टोपी गुडघ्यावर ठेवून स्वयंपाकघरात बसला. बिशपलाही इथे नावानेच हाक मारतात. माणूस वाईट नव्हता. इराच्या मातीला त्याने स्वतः खोरं धरलं होतं.

"प्रभुभोजन तोंडावर आलं, लोवीना. त्याआधीच्या रविवारी सगळ्यांचं मन एक हवं. एक जण जरी म्हणाला माझं मन शांत नाही, तर मला भाकर मोडता येत नाही."

"मला कशाला सांगतोस? लहानपणापासून ऐकते आहे."

"मग गुडघे टेक. दोन वाक्यं बोल. सहा आठवडे वाळीत, जेवायला वेगळं टेबल. मग संपलं. कुणी नाव काढणार नाही. मूलही मंडळीचं."

"कुठलं मूल?"

"सगळ्या रस्त्याला दिसतंय."

"रस्त्याला पोट दिसतंय. मूल तुम्ही घातलंत त्यात."

टोबायसने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "माणसाकडून होतं. कबूल करण्यात कमीपणा नाही."

"केलेलं कबूल करण्यात नाही. न केलेलं कबूल केलं तर ते खोटं. त्या खोट्याची कबुली कुठे देऊ? पुन्हा गुडघे टेकू? किती उठाबशा काढायच्या, टोबायस? इथे जिना चढवत नाही मला."

टोबायसच्या तोंडावर हसू आलं होतं, ते त्याने दाढीत जिरवलं. जाताना दारात म्हणाला, "तुझ्यामुळे सगळ्यांचं अडेल."

"मग सगळ्यांनी मला एकदा विचारायचं होतं."

तो गेल्यावर एडना भांडी घासत राहिली. घासलेलंच भांडं पुन्हा घासत होती.

"बोल," लोवीना म्हणाली.

"भोजन झाल्याशिवाय लग्नं लागत नाहीत."

"माहीत आहे."

"नोव्हेंबरात माझं आहे."

"तेही माहीत आहे."

"म्हणून टाक ना, आई. दोन वाक्यं. मग बाळ झालं तरी..." ती थांबली.

"तुलाही वाटतं?"

"मला काय वाटणार? तू काही सांगितलंच नाहीस."

"तू विचारलंस?"

एडनाने भांडं पालथं घातलं. मग हात पुसून आईजवळ आली आणि लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा रडली. "दुखतं का गं?" तिने विचारलं.

"हो," लोवीना म्हणाली. "इथे. आणि इथे. भूक लागत नाही, दोन घासांत पोट भरतं. मला वाटतं एडना, मी मरते आहे. पण मूल होऊन नाही."

*

उपासना इथे पाळीने घरोघर होते. तो रविवार जोॲसच्या घरी होता. त्याच्या गोठ्यापलीकडच्या मोठ्या खोलीत बाकं मांडली होती. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. जर्मन प्रवचन दुपारपर्यंत चाललं. लोवीना बाकाच्या कडेला होती. शेजारची जागा रिकामी होती.

मग एकेकाचं मत घेत मंडळीचे सेवक फिरू लागले. सहमत. सहमत. मन शांत आहे. सहमत.

"लोवीना हिल्टी?"

ती उठली. पुढच्या बाकाची पाठ तिने धरली. पोट एप्रनखाली पुढे आलं होतं, ते तिने झाकलं नाही.

"माझं मन शांत नाही."

कुणाचं तरी तान्हं ओरडलं, त्याला घेऊन आई बाहेर गेली. टोबायसने पुस्तक मिटलं. प्रभुभोजन थांबलं, आणि त्यामागे एडनाचं आणि आणखी तीन घरांतली लग्नं थांबली.

लोवीना ताठ चालत अंगणात आली आणि पाण्याच्या हौदाशी बसली. ओठ काळेनिळे झाले होते. तोंड उघडं, पण हवा आत जात नव्हती. खिडकीतून पन्नास टोप्या बघत होत्या. बाहेर कुणी येईना.

मग बार्बरा आली. तिने नळी आणली नव्हती. लोवीनाच्या पाठीला तिने सरळ कान लावला. डाव्या बाजूला. उजव्या बाजूला. पुन्हा उजव्या बाजूला, आणखी वर.

"इथे आवाजच नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "मूल फुप्फुसात शिरत नाही."

"आता सांगतेस."

"गप्प बस. श्वास वाचव." बार्बरा खिडकीकडे वळून ओरडली. प्रवचनाच्या दिवशी त्या अंगणात कुणी ओरडलेलं कुणाला आठवत नव्हतं. "एडना! इंग्लिश शेजाऱ्यांकडे पळ आणि कॉनीला फोन कर!"

कॉनी पूर्वी शाळेची बस चालवायची, आता या वस्तीच्या लोकांना मोटारीतून दवाखान्यात नेते. तिने लोवीनाकडे बघितलं आणि मागचं दार उघडलं. "बाई, बाळंत तेवढ्या इथे होऊ नका. सीट नवीन आहे."

"नाही होणार," लोवीना म्हणाली. "हवी तर पैज लाव."

*

तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या पोटावर गार जेल चोपडलं. सोनोग्राफी करणारी मुलगी पडद्याकडे बघत गप्प होत गेली आणि डॉक्टरला घेऊन आली.

"बाळ नाही," डॉक्टर म्हणाला.

"या बाईला ऐकू कमी येतं," लोवीनाने सोबत आलेल्या बार्बराकडे बोट केलं. "पुन्हा सांगा. मोठ्याने."

"बाळ नाही. डाव्या अंडाशयावर गाठ आहे, खरबुजाएवढी. पोटात सगळं पाणी आहे. फुप्फुसाभोवतीही पाणी, उजवीकडे."

"जलोदर," बार्बरा पुटपुटली. तिने भिंतीचा आधार घेतला.

त्यांनी पोटात सुई घालून पाणी काढलं. ते नळीतून चीजच्या निवळीसारखं पिवळं येत राहिलं, एक बाटली, दुसरी, तिसरी. मग पाठीतून, बरगड्यांच्या मधून. लोवीनाने उजव्या छातीत श्वास घेतला आणि तो उतरला. खोकला आला, दुखलं, तरी तिने पुन्हा घेतला.

रक्ताचा तपास दुसऱ्या दिवशी आला. डॉक्टर खुर्ची ओढून बसला. कर्करोगात वाढतं ते वाढलं होतं. एवढं पाणी, एवढी गाठ. पसरलेला असण्याची शक्यता जास्त. फोर्ट वेनला मोठ्या इस्पितळात जावं लागेल, पण आशा फार धरू नये.

बातमी तिच्याआधी घरी पोचली. आता तिच्या ओसरीवर ताटं येऊ लागली. शेवया घातलेलं कोंबडीचं सूप, पाव, सफरचंदाचा मुरंबा. कडबोळ्यासारख्या वाकलेल्या बायका दारातूनच विचारायच्या, "काही लागलं तर सांग हं." देवाची मर्जी म्हणायच्या. एडना ताटं घ्यायची. लोवीना म्हणायची, "मूल होतं तेव्हा उपाशी ठेवत होत्या. मरतेय म्हटल्यावर वाढतायत. यापेक्षा मूल बरं होतं."

टोबायस पुन्हा आला. टोपी गुडघ्यावर.

"आम्ही चुकलो," तो म्हणाला.

"बरं."

"पण तू भर मंडळीत मान वर केलीस. मरण दाराशी असताना मन मऊ हवं. गुडघे नकोत. बसूनच दे कबुली. ताठरपणाची तेवढी."

लोवीनाने पोटावर हात ठेवला. चार दिवसांत ते पुन्हा भरत आलं होतं.

"ताठरपणाची? अरे, ताठर होते म्हणून दवाखान्यात पोचले. तू म्हणालास तशी वाकले असते, तर आत्ता वेगळ्या टेबलावर बसून आतल्या पाण्यात बुडाले असते. आणि तुम्ही बाळाची वाट बघत बसला असता."

"देवाच्या मर्जीपुढे..."

"देवाशी माझं भांडण नाही. त्याने मला कबुली मागितली नाही. तू मागितलीस."

*

फोर्ट वेनची सर्जन बाई, डॉक्टर व्हेलन, उंच आणि घाईची होती. पण बसल्यावर घाई नसल्यासारखी बसायची. तिने लोवीनाला विचारलं, "दुखतं कुठे?"

लोवीनाने एडनाकडे बघितलं. एडनाला वाटलं, आईला प्रश्न कळला नाही.

मग लोवीनाने सगळं सांगितलं. गाईखाली बसता न येण्यापासून.

"तुमच्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत," डॉक्टर म्हणाली. "पोटातल्या नाहीत, छातीतल्याही नाहीत. म्हणजे तो नाहीच, असं म्हणता येत नाही. पण एक दुर्मीळ प्रकार असतो. गाठ साधी, तंतूंची, लाकडातल्या गाठीसारखी टणक. स्वतः कुठे पसरत नाही. नुसती बसल्या जागी पाणी पाझरत राहते. पोटात, आणि तिथून छातीत, बहुधा उजवीकडेच. ती काढली की पाणी आपोआप आटतं. पुस्तकात पुष्कळदा वाचलंय. समोर एकदाच बघितलंय."

"आणि तसं नसलं तर?"

"तर जेवढं काढता येईल तेवढं काढीन आणि शुद्धीवर आल्यावर तुम्हाला खरं सांगेन."

"लगेच?"

"लगेच."

"मग कापा," लोवीना म्हणाली.

टेबलावर घेण्याआधी नर्सने तिच्या अंगरख्याच्या टाचण्या काढल्या. मोजल्या नाहीत.

शुद्ध आली तेव्हा घसा सुकला होता आणि पोटावर कुणी तापलेला पत्रा ठेवल्यासारखं वाटत होतं. एडना पायथ्याशी उभी होती. डॉक्टर व्हेलन टोपी काढता काढता आत आली.

"साधी गाठ," ती म्हणाली. "टेबलावर असतानाच तुकडा तपासून घेतला. पांढरी, सलगमासारखी घट्ट. चाकू लागताना करकरली. डाव्या अंडाशयासकट काढली. बाकी सगळं स्वच्छ आहे."

लोवीनाच्या डोळ्यांतून पाणी कानांत गेलं. तिने ते पुसलं नाही, हात हलत नव्हता.

"हसू नका," डॉक्टर म्हणाली. "टाके आहेत."

"मी हसत नाहीये."

"येईल हसू."

आठवड्याच्या शेवटी छातीचा फोटो काढला. उजवीकडचं पाणी पायरी उतरल्यासारखं खाली गेलं होतं. पोट पुन्हा भरलं नाही. घरी निघताना नर्सने बजावलं: वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, निदान सहा आठवडे.

"सहा आठवडे," लोवीना म्हणाली. "वाळीत टाकतात तेही तेवढेच."

*

पुढे ढकललेला रविवार ऑक्टोबर संपताना आला. शेतात मायलेकींनी उभ्या केलेल्या पेंड्या करड्या पडल्या होत्या. उरलेला मका ताटांवरच वाळला होता. लोवीना कॉनीच्या मोटारीतून आली नाही. बग्गीत बसून आली, खड्ड्याखड्ड्याला उशी पोटाशी दाबून धरत, अंगरखा सपाट, टाचण्या पहिल्या जागी. रस्त्याला दिसू दे म्हणाली.

सहमत. सहमत. मन शांत आहे.

"लोवीना हिल्टी?" टोबायसने स्वतः विचारलं.

ती उठली. "नाही."

बाकं करकरली.

"पोट रिकामं झालं, मन झालं नाही. तुम्ही माझ्या टाचण्या बघितल्यात, आणि दुखतं का ते माझ्या मुलीशिवाय एकानेही विचारलं नाही. विचारायला जीभ उचलत नव्हती, मात्र न झालेल्या मुलाला बाप तुम्ही शोधून दिलात. मी आता बसते. मला फार वेळ उभं राहवत नाही."

ती बसली. मग बायकांच्या बाकांमधून बार्बरा निघाली, मधल्या जागेत आली आणि म्हातारे गुडघे एक एक करून खाली टेकले.

"माझा हात चुकला," ती म्हणाली. "पण ते पाप नव्हे, चूक. पाप हे, की तिच्या घरात बघितलेलं मी जोॲसच्या घरात सांगितलं. सुइणीने सांगायचं नसतं. मला क्षमा करा. आधी तिने, मग तुम्ही."

"केली," लोवीना बाकावरून म्हणाली. "ऊठ. थंडी आहे खाली."

टोबायस उभा होता. त्याने दाढीवरून हात फिरवला. "मीही विचारलं नाही," तो म्हणाला. त्याने गुडघे टेकले नाहीत, पण बसलाही नाही.

लोवीनाने पुरुषांच्या बाकांकडे बघितलं. "जोॲस?"

तो टोपीची कड बोटांत फिरवत राहिला.

"राहू दे," ती म्हणाली. "एवढ्यावर मोडा भाकर. माझ्या मुलीचं लग्न आहे."

"आणि तुझा ताठरपणा?" टोबायसने विचारलं. आवाजात थोडा थकवा होता, थोडं काही वेगळं.

"तो सोबत घेऊन येते."

*

प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर आणि द्राक्षरस झाल्यावर कोमट पाण्याच्या बादल्या आणल्या. शेजारी बसलेल्या दोघींनी एकमेकींचे पाय धुवायचे असतात. खाली बसायचं नाही, कमरेतून खोल वाकायचं. जेवढं खोल, तेवढी नम्रता. बायका स्टॉकिंग उतरवू लागल्या. लोवीनाच्या शेजारी आज बार्बरा बसली होती.

बार्बरा वाकली. तिने लोवीनाचे सूज उतरलेले घोटे धुतले, पुसले. मग बादली सरकवली. सगळ्या खोलीचं लक्ष तिकडे होतं आणि कुणी बघत नव्हतं.

"मला वाकता येत नाही," लोवीना म्हणाली.

"नको वाकू. झालं म्हणून सांगते."

"झालं नाही तर झालं कसं सांगशील? पाय वर घे."

"कुठे?"

"इथे. बाकावर. माझ्या मांडीवर."

बार्बराने इकडेतिकडे बघितलं. मग पाय उचलला आणि ठेवला. लोवीनाने एडनाला बादली बाकावर ठेवायला लावली आणि सरळ पाठीने, मान न वाकवता, म्हाताऱ्या सुइणीचे पाय धुतले. टाचेच्या भेगांमधून बोट फिरवलं. पाणी तिच्या एप्रनवर, सपाट पोटावर सांडलं. तिने ते सांडू दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी, एडना इस्पितळात असताना, सकाळी आणि संध्याकाळी, लोवीनाच्या गाईंचं दूध जोॲसने कुणी न सांगता काढलं होतं.